शिह त्झूच्या पिल्लाला काय खायला घालावं? आधी घड्याळ, मग पाकीट

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. शिह त्झू या छोट्या जातीच्या कुत्र्याचं मादी पिल्लू, वय ५२ दिवस, वजन ९०० ग्रॅम, घरी येऊन पाच दिवस झाले. ज्यांच्याकडून आणलं तिथे ती लहान बाळांचं सेरेलॅक खात होती. दुकानदाराने छोट्या जातीच्या पिल्लांचं महागडं ड्राय फूड आणि सोबत कॅल्शियमची बाटली दिली. पिल्लू ते दाणे हुंगतं आणि निघून जातं. घर शाकाहारी आहे, सासूबाई चिकनच्या दाण्यांना हात लावत नाहीत. पण एवढासा जीव उपाशी राहिलेला त्यांना बघवत नाही, म्हणून त्या दूध-पोळी कुस्करून देतात आणि ती मात्र पिल्लू चाटूनपुसून संपवतं. दोन दिवसांपासून शी पातळ आहे. आणि तुम्ही विचारलंय की कोणत्या कंपनीचं फूड सगळ्यात चांगलं.

मी सांगलीत गेली बावीस वर्षं पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. हा कंपनीचा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो आणि त्याचं उत्तर मी खाली देणार आहे. पण तुमच्या घरात आत्ता तो तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला पातळ शीचा, दुसरा दिवसातून किती वेळा खायला घालायचं याचा.

पातळ शीचं कारण अन्नच असेल असं धरून चालू नका. नवं घर, आईपासून तुटणं, सेरेलॅकवरून एकदम दुधावर जाणं, यातल्या कशानेही पोट बिघडतं. पण पोटातल्या जंतांनीही बिघडतं आणि पार्व्हो या विषाणूच्या आजारानेही. पार्व्हो सुरुवातीला साध्या जुलाबासारखाच दिसतो आणि या वयाच्या पिल्लाला दोन-तीन दिवसांत घेऊन जातो. त्यामुळे आज किंवा फार तर उद्या सकाळी तिला डॉक्टरांकडे न्या. जाताना ताज्या शीचा नमुना एका स्वच्छ डबीत घेऊन जा. जंताचं औषध कधी दिलं, पहिली लस झाली का, हे विक्रेत्याला फोन करून विचारा. पिल्लांना जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं आणि पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान होते. उलटी झाली, शीत रक्त दिसलं किंवा ती मलूल होऊन कोपऱ्यात बसली, तर मात्र सकाळची वाट बघू नका.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. आपल्याकडच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. तुमची आली तेव्हा ४७ दिवसांची, म्हणजे सात आठवड्यांचीही नव्हती. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आईजवळचे ते शेवटचे दिवस तिला मिळाले नाहीत, म्हणून घन अन्न खायचं शिक्षण अर्धवट राहिलंय. ती दाणे खात नाही याचं एक कारण हेच आहे.

आता दुसरा प्रश्न. छोट्या जातीच्या पिल्लात आणि लॅब्राडोरच्या पिल्लात मोठा फरक आहे तो साठ्याचा. नऊशे ग्रॅमच्या पिल्लाचं यकृत इवलंसं, त्यात साखरेचा साठा थोडाच, अंगावर चरबी आणि स्नायू नावालाच. अंग छोटं असल्याने उष्णता मात्र भराभर बाहेर जाते. म्हणजे खर्च मोठा आणि शिल्लक काहीच नाही. पोटही लहान, त्यामुळे एका वेळी भरपूर खाऊन ठेवायची सोय नाही. असं पिल्लू सहा-आठ तास उपाशी राहिलं, त्यात जुलाब झाले किंवा थंडी वाजली, की रक्तातली साखर घसरते. आधी पिल्लू सुस्त होतं, मग दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देतं, मग थरथर आणि शेवटी झटके.

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ-साडेआठला अशी पिल्लं टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे येतात. चिहुआहुआ, पॉमेरेनियन, शिह त्झू, टॉय पूडल. सगळ्यांची कहाणी सारखीच: रात्री आठला शेवटचं खाणं, तेही नीट खाल्लं नव्हतं, आणि सकाळी उठून बघतो तर अंग गार. कुणीतरी या लोकांना सांगितलेलं असतं की खात नसेल तर उचलून ठेवा, भूक लागली की झक मारत खाईल. मोठ्या, धडधाकट कुत्र्याला ही युक्ती चालते. तीन महिन्यांच्या आतल्या छोट्या जातीच्या पिल्लावर ती कधीही करू नका.

म्हणून तुमच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खाणं: सकाळी सहा-साडेसहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेदहा-अकरा. त्यातलं रात्रीचं कधीही चुकवायचं नाही. तिच्या झोपायच्या जागी गोधडी आणि ऊब हवी. लागोपाठ दोन वेळा तिने तोंड लावलं नाही, तर तिसऱ्या वेळेची वाट न बघता डॉक्टर. आणि कधी ती लटपटताना दिसली तर बोटावर मध किंवा साखरेचा दाट पाक घेऊन हिरड्यांवर चोळा, टॉवेलात गुंडाळा आणि निघा. बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

आता अन्नाकडे येते. किती, हे आधी ठरवू, कारण आकडा समोर असला की काय द्यायचं ते आपोआप सोपं होतं. आम्ही पशुवैद्यक एक सूत्र वापरतो. त्याने ९०० ग्रॅमच्या पिल्लाची आरामातली गरज साधारण ६५ किलोकॅलरी येते (बोलताना आपण हिलाच कॅलरी म्हणतो). चार महिन्यांच्या आत वाढीसाठी त्याच्या तिप्पट, म्हणजे दिवसाला सुमारे १९५. चार महिन्यांनंतर हाच गुणक दुपटीवर येतो. छोट्या पिल्लांच्या ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३८० कॅलरी असतात. म्हणजे तुमच्या पिल्लाला दिवसाला जेमतेम ५० ग्रॅम, एका वेळी बारा-तेरा ग्रॅम. वाटी भरून नाही, मूठभरही नाही. बरेच लोक ती खात नाही म्हणतात तेव्हा त्यांनी तिच्यापुढे तिच्या पोटाच्या चौपट ढीग ठेवलेला असतो. हे गणित सुरुवातीचा अंदाज आहे. कुठलं पिल्लू वीस टक्के जास्त मागतं, कुठलं कमी. पुढचा निर्णय वजनकाट्यावर.

सासूबाईंच्या दूध-पोळीबद्दल आता. त्यामागची माया मला कळते. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या दारचं कुत्रं दूध-भाकरीवर वाढलं. पण ते कुत्रं दिवसभर गावात फिरून इतरही बरंच काही खायचं आणि आठ पिल्लांतली किती जगली हे कुणी मोजलं नाही. हिशोब करून बघू. एक पोळी आणि अर्धा कप, म्हणजे १०० मिली गाईचं दूध यात मिळून साधारण १६५ कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. वाढत्या पिल्लाला १०० कॅलरीमागे किमान साडेपाच ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत. दूध-पोळीतून मिळतात साडेतीन-पावणेचार. कॅल्शियमचं तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. दूध म्हणजे कॅल्शियम हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पिल्लाच्या अन्नात १०० कॅलरीमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवं, दूध-पोळीतून मिळतं ८०-९०. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुधातली साखर कमी असते. ही साखर पचवायची ताकद पिल्लू मोठं होताना घटत जाते, म्हणून उरलेली साखर आतड्यात आंबते आणि शी पातळ होते. म्हणजे तुमच्याकडच्या पातळ शीत दुधाचा हात असू शकतो, पण तपासणी झाल्याशिवाय त्यावर समाधान मानू नका. चमचाभर ताजं, आंबट नसलेलं दही बहुतेक पिल्लांना चालतं.

मग कॅल्शियमची बाटली कशी? पिल्लांसाठीचं संपूर्ण संतुलित फूड चालू असेल तर ती अजिबात नको. त्या फूडमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही ठरावीक प्रमाणात घातलेले असतात, कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान बरोबरीने आणि दुपटीपेक्षा जास्त नाही. वरून ओतलं की ते गणित मोडतं, शिवाय जादा कॅल्शियम जस्ताचं शोषण अडवतं. उलट बाजूही मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चार महिन्यांचं पॉमेरेनियन आलं, सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. एक्स-रेत हाडं कागदासारखी पातळ दिसत होती. घरचे लोक प्रेमळ, पैशाला मागेपुढे न पाहणारे. दीड महिना ते त्याला रोज ताजं बोनलेस चिकन आणि भात देत होते. बोनलेस मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, सुमारे पंधरा-वीसास एक असं प्रमाण पडतं. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढून घेतं. पिल्लू बरं झालं, पण दोन महिने लागले. त्या लोकांनी बाजारचं खाणं वाईट म्हणून घरचं निवडलं होतं. घरच्या खाण्याला माझा विरोध नाही. पण वाढीच्या वयात ते द्यायचं तर आहाराच्या जाणकार पशुवैद्यकाकडून पिल्लाच्या वजनानुसार पाककृती लिहून घ्यावी लागते, त्यात कॅल्शियम, जस्त, आयोडीन मोजून घालावं लागतं आणि ती रोज तशीच करावी लागते. पहिल्या वर्षी हे जमवणारी घरं मी फार थोडी पाहिली. म्हणून तुमच्यासारख्या घराला माझा सल्ला तयार फूडचाच असतो.

आता कंपनी. पेडिग्री, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, फार्मिना, जे काही तुमच्या दुकानात मिळतं, त्यातलं एकच नाव मी घेणार नाही, कारण एकाच कंपनीची पाच पाकिटं पाच वेगवेगळ्या कामांसाठी असतात. मी पाकीट हातात घेतलं की आधी मागची बाजू बघते. तिथे ते संपूर्ण आणि संतुलित आहार आहे असं लिहिलेलं हवं आणि ते पिल्लांच्या वाढीसाठी किंवा सर्व वयांसाठी आहे हेही. मोठ्या कुत्र्याचं फूड नको आणि पूरक किंवा खाऊ असं लिहिलेलं तर मुख्य जेवण म्हणून नकोच. १०० ग्रॅमला किंवा किलोला किती कॅलरी ते छापलेलं असेल तर माझा त्या कंपनीवरचा विश्वास वाढतो. त्याशिवाय तुम्ही वर केलेलं गणित करणार कसं? प्रथिनं ड्राय फूडमध्ये २६ ते ३० टक्क्यांच्या घरात असली की मी निश्चिंत असते. ओल्या पाउचवर आठ टक्के बघून घाबरू नका. त्यात ८० टक्के पाणीच असतं, ते वगळलं तर ती प्रथिनं ४० टक्के भरतात.

छोट्या जातींसाठी असं लिहिलेल्या पाकिटाला जास्त पैसे द्यावेत का? या वयात मी हो म्हणेन. एक तर दाणा हरभऱ्याएवढा किंवा त्याहून लहान असतो. दुसरं, घासागणिक कॅलरी जास्त असतात आणि इवल्या पोटाला तेच हवं. पण खास शिह त्झूसाठी, खास पगसाठी अशी पाकिटं निघालीत, त्यांची गरज नाही. शिह त्झूचं तोंड चपटं असल्याने दाण्याचा आकार तिला उचलायला सोपा जातो एवढाच बहुतेक वेळा फायदा, आणि तो फूड भिजवलं की उरत नाही. धान्यविरहित फूडच्या मागेही लागू नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही आहारांचा हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. नातं पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण भाताने तुमच्या पिल्लाचं काही बिघडत नसताना तो टाळायचं कारणही नाही.

आणि सुटं फूड घेऊ नका. दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर देतात ते. त्याची तारीख कळत नाही, हवेने त्यातली चरबी खवट होते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीचं विष वासावरून नेहमी ओळखता येत नाही. एक किलोचं बंद पाकीट घ्या, त्याच पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिनाभरात संपवा. तुमच्या पिल्लाला सध्या महिन्याला दीड ते दोन किलोच लागणार आहे, त्यामुळे महागडं वाटणारं फूडही परवडतं. लॅब्राडोरवाल्यांना हे सुख नाही.

शाकाहाराचं काय? कुत्रा मांजरासारखा पक्का मांसाहारी नाही. नीट बांधलेल्या शाकाहारी आहारावर तो जगू शकतो आणि शाकाहारी ड्राय फूडही मिळतं. फक्त ते पिल्लांच्या वाढीसाठी आहे का हे आवर्जून बघा. तसं मिळालं नाही तर पहिलं वर्ष चिकनचं घ्या आणि नंतर बदला, असं मी सांगेन. कित्येक जैन आणि ब्राह्मण घरांनी माझ्याकडे हाच मार्ग काढलाय: पिल्लाचा वेगळा डबा, वेगळा चमचा, गॅलरीत वेगळी जागा. मांस शिजवावं लागत नाही, स्वयंपाकघरात काही येत नाही. यात तुमच्या घरात काय चालेल हे तुम्हीच ठरवायचं. मी एवढंच म्हणेन की अर्धं चिकनचं फूड आणि अर्धी दूध-पोळी हा मधला मार्ग दिसायला सोयीचा आहे, पण त्यात पिल्लाचं नुकसान होतं.

आता ती खात नाही ते. डॉक्टरांनी तपासून जंत-पार्व्होचा संशय काढून टाकला असं धरते. दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि चमच्याने दाबून लापशीसारखे करा. कोमट झालं की वास सुटतो आणि वासावरच पिल्लू खातं. सेरेलॅक तिच्या ओळखीचं आहे, तर सुरुवात त्यातूनच करा: पहिले तीन दिवस तीन भाग सेरेलॅक, एक भाग भिजवलेलं फूड. पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं. मग तीन दिवस एकास तीन. दहाव्या दिवसापासून नुसतं फूड. शी पुन्हा सैल झाली तर एक पायरी मागे या आणि दोन दिवस थांबा. सेरेलॅक पाण्यात कालवा, दुधात नाही. पसरट ताटलीत द्या, खोल वाटीत तिचं नाक बुडतं. वीस मिनिटांनी उरलेलं टाकून द्या, भिजलेलं अन्न आपल्या उकाड्यात पटकन आंबतं. तीन महिन्यांची झाली की पाणी हळूहळू कमी करत कोरड्या दाण्यांवर आणा. आणि दोन जेवणांच्या मध्ये दूध-पोळी बंद. तिची भूक तिथेच मरतेय.

बिस्किटाचंही तेच. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात साधारण वीस-बावीस कॅलरी असतात. खाऊ दिवसाच्या एक दशांशापेक्षा जास्त नको, म्हणजे तुमच्या पिल्लाचा अख्ख्या दिवसाचा कोटा एका बिस्किटात संपतो. घरातल्या तिघांनी चहासोबत प्रेमाने एकेक दिलं की तिचं एक तृतीयांश जेवण बिस्किटातच झालं. कांदा, लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडं नकोत. आणि आमच्या सांगली-तासगावकडे मी हे प्रत्येकाला बजावून सांगते: बेदाणा आणि द्राक्षं नकोत. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती दाण्यांनी होतील याचा अंदाज बांधता येत नाही. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा आला यात.

दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून तिचं वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. मोठेपणी ती साडेपाच किलोच्या आसपास भरेल असं धरलं तर या वयात दिवसाला ११ ते २२ ग्रॅम, आठवड्याला साधारण ७५ ते १५० ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. एखादा आठवडा कमी भरला तर घाबरू नका, वजन घटलं तर मात्र दाखवा. वजन वाढेल तसं फूडही वाढवायचं, दर आठवड्याला नवा हिशोब. बरगड्या बोटांना सहज लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत. चार महिन्यांनंतर जेवणं तीनवर आणा, सहा महिन्यांनंतर दोनवर. तेव्हा दातही बदलतात. छोट्या जातीत दुधाचे सुळे पडायचे राहून नवे शेजारी उगवतात, तसं दिसलं तर काढून घ्यावे लागतात. दहा ते बारा महिन्यांची झाली की मोठ्या कुत्र्याच्या फूडवर जा. नसबंदी आधी झाली तर वजनावर जास्त लक्ष ठेवा.

राहिल्या सासूबाई. त्यांना नुसतं नको म्हणू नका, त्या पिल्लासाठी जीव टाकतायत. रात्री साडेदहाचं खाणं त्यांच्याकडे द्या. शाकाहारी पिल्लांचं फूड मिळालं तर प्रश्नच नाही. नाही मिळालं तर लापशी तुम्ही कालवून ठेवा, त्यांनी फक्त ताटली पुढे करायची आणि पिल्लू संपवेपर्यंत शेजारी बसायचं. वरून चमचाभर दही त्यांच्या हातचं. आणि त्यांना सांगा की चोवीस तासांतलं सगळ्यात महत्त्वाचं जेवण हेच आहे, कारण सकाळपर्यंत तिला त्यावरच निभवायचंय.